तबेल्यातली रेडकं आणि किटलीवाली मावशी

खून विसरलो, दरोडे विसरलो, साकीनाक्याच्या गाळ्यांतल्या चोऱ्या तर आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. पण मरोळच्या त्या तबेल्यातली रेडकं काही केल्या डोक्यातून जात नाहीत. निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, "साहेब, तुमची सगळ्यात मोठी केस कुठली?" मी पेपरात आलेली एखादी सांगून मोकळा होतो. ही सांगत नाही. हिच्यात ना आरोपी सापडला, ना कुणाला शिक्षा झाली, आणि तरी ती मला स्वस्थ बसू देत नाही. आज सांगून टाकतो. नाव मात्र कुणाचंच घेणार नाही.

मी तेव्हा अंधेरी पूर्वेच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपली होती, बंदोबस्ताची वाटणी चालली होती, तेवढ्यात एका खबऱ्याचा फोन आला. औद्योगिक वसाहतीच्या मागे त्याची चहाची टपरी होती. एरवी हा माणूस आधी इकडचं तिकडचं बोलणार, मग मुद्द्यावर येणार. त्या दिवशी फोन उचलल्या उचलल्या ओरडला, "साहेब, लवकर या! तबेल्यात एका बाईला मारतायत. रेडकांना विष घातलं म्हणतायत. आज तिचं काही खरं नाही."

हवालदाराला आणि एका महिला शिपायाला घेऊन मी निघालो. तबेला जुना, आजूबाजूला चाळी आणि त्यांच्या मागे नव्या इमारती. दारात हीऽऽ गर्दी. अर्धे लोक मोबाइल वर धरून उभे. आम्ही वाट काढत आत गेलो तर साठीच्या पुढची एक बाई शेणात बसलेली, गालावर बोटं उमटलेली, साडी भिजलेली. छातीशी तिने दुधाची स्टीलची किटली घट्ट धरली होती. शेजारी गोणपाटाखाली मेलेलं रेडकू. बाई रडत नव्हती. मला बघून उठायचा प्रयत्न करत म्हणाली, "सायबा, माका मारल्यानी. आधी तेंची तक्रार घे."

तबेल्याचा मालक, त्याला आपण शेठ म्हणू, मध्येच घुसला. "साहेब, आधी माझी घ्या! माझ्या तबेल्याची वाट लावलीय हिने."

गर्दीसमोर कुणाचीच तक्रार घ्यायची नसते. मी दोघांनाही ठाण्यात आणलं.

शेठची फिर्याद ऐकली तेव्हा, खरं सांगतो, मलाही बाईचा संशय आला. तो म्हणाला, "साहेब, या मोसमात म्हैस व्याली की ही बया हजर. किटली घेऊन कोपऱ्यात बसते, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवते, निघून जाते. आणि मग दोन-तीन दिवसांत रेडकू पांढरं पातळ हगायला लागतं. सकाळी लागलं तर संध्याकाळी मान टाकतं. एकदा झालं असतं तर म्हटलं असतं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पण दरवेळी? दरवेळी साहेब?"

त्याचं नुकसान खोटं नव्हतं. रेडकू डोळ्यांसमोर नसलं की म्हैस पान्हा सोडत नाही, दूध चोरते, आणि हळूहळू आटते. शेठचे डोळे लाल झाले होते. रेडकांवर त्याचा जीव होता की दुधावर, ते मी ठरवत बसलो नाही. वर त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. तबेल्याचं शेणपाणी बाईच्या खोलीत शिरलं होतं, तेव्हा तिने दारात उभं राहून सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा शाप दिला होता की याच्या गोठ्यात एक रेडकू जगायचं नाही. साक्षीदार हवे तितके.

म्हणजे हेतू होता, संधी होती, आणि दरवेळी ती त्या जागी हजर होती. आमच्या धंद्यात एवढं जुळलं की माणूस अर्धा आत गेलेला असतो.

महिला शिपाई शेजारी बसवून मी बाईची चौकशी सुरू केली. बाई मूळची मालवणकडची. नवरा गिरणीत होता, गिरणी गेली आणि मागोमाग तोही गेला. मूलबाळ नाही. तबेल्याला लागून असलेली ती एक खोली, एवढाच तिचा संसार. मीही गिरणगावात वाढलेला, आई कोकणातली, त्यामुळे तिची भाषा मला समजत होती. पण त्या दिवशी ओळख दाखवली नाही.

"मावशी, खरं सांगा. किटलीत काय आणता?"

"काय्येक नाय. रिकामी हाडतंय, सायबा. भरून व्हरतंय."

"काय भरून नेता?"

"चीक. खरवस करतंय, इकतंय. बोरीवलीच्या बिल्डिंगीतली माणसां मोबायलार ऑर्डरी देतत. ह्या वर्साक तर पुरे पडना नाय."

"आणि शाप दिलात तो?"

"दिलंय! घरात शेण ईला तर काय तेची आरती करू?" ती फणकारली. मग आवाज खाली आला. "तोंडान बोललंय, सायबा. हातान नाय केलंय. मुक्या जीवाक वीख कोण घालतलो? आणि माका मारल्यानी, ता कोण लिवतलो?"

"लिहू. आधी हे संपू दे."

पंचांसमक्ष तिच्या खोलीची झडती घेतली तर फळीवर उंदराच्या औषधाची अर्धी वापरलेली पुडी मिळाली. मी ती समोर ठेवली तशी ती म्हणाली, "तबेल्यातल्यो घुशी माझ्या खोलयेत येतत. तेंका काय तांदूळ घालू?" उत्तर चोख होतं, पण आता विषही सापडलं होतं. पंचनामा केला, पुडी आणि किटली सील करून तपासणीसाठी पाठवली.

बाहेर मात्र लोक ठरवूनच बसले होते. ठाण्याच्या फाटकाशी घोळका, चाळीतली माणसं म्हणतायत की तिला परत येऊ देणार नाही. कुणी म्हणे करणी करते, कुणी म्हणे नजर लागते. एका पुढाऱ्याचा फोन आला, "साहेब, बाईला आत घ्यायला मुहूर्त बघताय का?" मी म्हटलं, "पुरावा बघतोय." आणि फोन ठेवला.

अटक केली तर या वयात ती त्यातून उठली नसती. सोडली तर खोलीत पाय ठेवू दिला नसता. मी तिला मुलुंडला भाचीकडे पाठवायचं ठरवलं तर ती तिथेच बसून राहिली. "मी गेलंय काय म्हणतले, पळाली. माझी खोली जायत, सायबा. नाव तर गेलाच हा." तिची समजूत घालता घालता महिला शिपायाच्या तोंडाला फेस आला, तेव्हा कुठे ती गेली.

त्या दिवशी मला खुर्चीत बसवेना. टेबलापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून टेबलापर्यंत. चहा मागवला, तो तसाच गार झाला. हवालदार जुना माणूस, माझी नस ओळखणारा. म्हणाला, "साहेब, बसा ना जरा. फरशी झिजायची." मी त्याच्यावर खेकसलो. काय टोचत होतं ते मला सांगता येत नव्हतं. सगळं जुळत होतं, आणि ते इतकं छान जुळत होतं हेच मला आवडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी दवाखान्यातल्या पशुवैद्यक डॉक्टर आल्या. तरुण बाई, पायात गमबूट, बोलणं फटकळ. तबेल्यात आणखी एक रेडकू आजारी होतं. ते मी प्रथमच जवळून पाहिलं. डोळे खोल गेलेले, शेपूट आणि मागचे पाय पांढरट-पिवळ्या पाण्याने चिकटलेले, नाक कोरडं. डॉक्टरांनी मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली, खाली बसायला तयार नाही. तोंडात बोट घातलं तर ते चोखायचीही ताकद त्याच्यात नव्हती. मी प्रेतं पाहून जेवायला बसणारा माणूस, पण हे बघवेना.

"याला पाणी पाजलं?" डॉक्टरांनी विचारलं.

दूध काढणारा माणूस मान हलवत म्हणाला, "नहीं मॅडम. पानी दिया तो और बहेगा ना."

डॉक्टरांनी रेडकाच्या शिरेत सलाइन लावलं, आणि मग मेलेल्या रेडकाच्या शवविच्छेदनाला मागच्या अंगणात गेल्या. मी, हवालदार, शेठ आणि दूध काढणारा, असे चौघे भोवती उभे. त्यांनी आतडं उघडून दाखवलं.

"हे बघा साहेब. भाजलेलं नाही, जखम नाही. उंदराचं औषध असतं तर आत जागोजाग रक्त साकळलेलं दिसलं असतं. इथे नुसतं पाणी आहे. आणि हे पाणी याने प्यायलेलं नाही, याच्याच अंगातलं आहे."

"म्हणजे विष नाही?" मी विचारलं.

"आहे ना. विषानेच मेलंय. पण ते कुणी घातलेलं नाही, त्याच्या पोटात तयार झालंय."

शेठ म्हणाला, "मॅडम, कोड्यात बोलू नका."

"सरळ सांगते. शेणात जंतू असतात. ओल्या फरशीवरून, मळक्या सडावरून ते रेडकाच्या तोंडात जातात. आतड्याच्या भिंतीला जळवेसारखे चिकटतात आणि तिथे बसून विष सोडतात. ते विष आतडं फाडत नाही, म्हणून आपल्याला काही दिसत नाही. ते आतड्याचं काम उलटं करून टाकतं. एरवी आतडं पाणी आणि क्षार अंगात ओढून घेतं. या विषाने ते अंगातलंच पाणी बाहेर ओतायला लागतं. थांबतच नाही. मग डोळे खोल, पाय गार, रक्त घट्ट आणि शेवटी काळीज बंद. पहिल्या तीन-चार दिवसांच्या पिल्लाला यातून वर काढणं फार अवघड."

मी म्हटलं, "डॉक्टर, शेण तर दरवर्षी असतं. जंतूही असणार. मग याच मोसमात एवढी का गेली?"

"तेच मला विचारायचंय." त्या शेठकडे वळल्या. "याने चीक प्यायला होता?"

दूध काढणाऱ्यानेच उत्तर दिलं. "नहीं मॅडम. जार गिरे बिना कैसे पिलाएंगे?"

जार म्हणजे वार, व्याल्यानंतर म्हशीच्या पोटातून मागाहून पडते ती. शेठने त्याचीच री ओढली. "वार पडल्याशिवाय पाजायचं नाही, आमच्याकडे बापजाद्यांपासून आहे. आणि पहिल्या दिवसाचा चीक जड, पिल्लाला पचत नाही, हगवण लागते. रेडकं मरायला लागली तसा मी तर थेंबही देऊ दिला नाही. दोन दिवस नुसतं पातळ दूध, तेही बेताचं." हे सांगताना तो काळजी घेणाऱ्या माणसासारखा बोलत होता. तो खरोखर काळजीच घेत होता.

डॉक्टरांनी हातमोजा काढला आणि कपाळ पुसलं. "अहो, या जंतूंशी लढायची ताकद पिल्लू पोटातून घेऊन येत नाही. ती त्याला चिकातून मिळते. आणि ती रक्तात शिरायची वाट जन्मल्यावर काही तासच उघडी असते, मग बंद. तुम्ही वार पडायची वाट बघता तोवर ती वाट मिटत आलेली असते. हगवण लागू नये म्हणून जे बंद केलंत, तेच तर हगवणीवरचं औषध होतं."

मागे एक म्हैस सारखी ओरडत होती. ती याच रेडकाची आई, हे दूध काढणाऱ्याने मला हळूच सांगितलं.

"मग पहिला चीक जातो कुठे?" मी शेठला विचारलं.

शेठ खाली बघायला लागला. आणि विचारता विचारता मलाच उत्तर मिळालं. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. त्यालाही ते आठवलं होतं. रिकामी हाडतंय, भरून व्हरतंय.

आम्ही ती काय आणते ते शोधत होतो. तिची खोली उपसली, पदराच्या गाठी सोडायला लावल्या, किटलीचा तळ खरवडून पाठवला. साप म्हणून भुई धोपटत बसलो. ती काय नेते ते तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं आणि तिच्या जबाबात ते शब्दन् शब्द लिहिलेलं होतं. शेठचं निरीक्षणही चूक नव्हतं. ती येऊन गेली की रेडकू मरायचं, हे खरंच होतं. ज्याचा चीक किटलीत गेला, ते रेडकू गेलं. आधीच्या वर्षांत गिऱ्हाईक थोडं होतं, थोडा चीक बाहेर जायचा, बाकीचा उशिरा का होईना पिल्लाच्या पोटात पडायचा. बोरीवलीच्या ऑर्डरी वाढल्या, आणि पहिल्या दिवसाच्या चिकाची वडी घट्ट पडते म्हणून तिला तोच हवा असायचा. शेठला तो तसाही नकोच होता. कुणी चोरी केली नाही, कुणी खोटं बोललं नाही, आणि एकामागून एक रेडकू आडवं होत गेलं.

पण हे मला कळून काय उपयोग? फाटकाशी उभ्या घोळक्याला जंतूंचं व्याख्यान देऊन बाई घरी जाणार नव्हती. आजारी होतं ते रेडकूही दुपारी गेलं. एक म्हैस भरल्या दिवसांची होती. मी शेठला म्हटलं, "ही व्याली की वार पडायची वाट बघायची नाही. रेडकू उभं राहिलं की लगेच पाजायचं, पोटभर."

"साहेब, आणि मेलं तर?"

"तर माझ्या नावाने बोंब मार. पण पाजायचं म्हणजे पाजायचं!"

म्हैस व्याली तेव्हा डॉक्टर स्वतः आल्या. जागा धुऊन कोरडी केली, सड पुसले, रेडकाच्या बेंबीला औषध लावलं. वगार होती ती, म्हणजे मादी. पाय लटपटत उभी राहिली, दोनदा पडली, आणि मग सडाला जी लागली ती सुटेचना. दूध काढणारा डोक्याला हात लावून बसला होता. मला ते पिवळंधमक घट्ट दूध तिच्या तोंडाच्या कडेने ओघळताना दिसत होतं. मी बाईची खोली त्या चार काटकुळ्या पायांवर उभी केली होती.

पुढचे दिवस माझं कामात लक्ष लागलं नाही. गस्तीच्या नावाखाली तबेल्यात जायचो आणि गणवेशातला हा गडी वगारीची शेपटी उचलून बघायचा. चाळीतली पोरं फिदीफिदी हसायची. एका सकाळी शेण पातळ दिसलं आणि मी डॉक्टरांना फोन लावला. लोक जमायला लागले, "बघा, सांगितलं होतं!" डॉक्टरांनी फोनवर सांगितलं त्याप्रमाणे मी कोमट पाण्यात मीठ, साखर, खायचा सोडा कालवून पाजायला सांगितलं. दूध काढणारा पुन्हा, "पानी और बहेगा." या वेळी मी इतका जोरात ओरडलो की म्हशींनी माना वळवल्या. पाणी पाजलं, आईचं दूधही चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी वगारीने दूध काढणाऱ्यालाच अशी ढुशी मारली की तो बादलीसकट बसला. तिथे मी अनेक दिवसांनी हसलो.

पुढचीही रेडकं जगली. तपासणीचे अहवाल आले. किटलीत विष नाही, शेणाच्या नमुन्यात विष सोडणारे जंतू आहेत. मी सी समरीचा अहवाल पाठवला. वाचकांसाठी सांगतो, फिर्याद मुद्दाम खोटी असेल तर बी समरी, आणि खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमजातून झालेली असेल तर सी. कागदापुरतं प्रकरण तिथे संपलं.

या प्रकरणाने मला एवढं शिकवलं की घटनांची साखळी जुळली म्हणून तपास संपत नाही. आणि ज्याच्यावर संशय आहे त्याचं पहिलं वाक्य ऐकायचं असतं, नुसतं लिहून घ्यायचं नसतं. नव्या अधिकाऱ्यांना मी हे सांगतो. पण पुढचं सांगत नाही.

मी स्वतः मुलुंडला गेलो. भाचीने चहा ठेवला. मी म्हटलं, "मावशी, तुमचं नाव साफ झालं. चला, खोलीवर सोडतो. कोण अडवतो ते बघू."

तिने देवाच्या दिशेने हात जोडले. मग विचारलं, "मगे रेडकां कित्यान मेली?"

रोग होता, एवढं म्हणून भागलं असतं. पण विचारणारीला कारण सांगायचं नाही हे मला जमलं नाही. मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती. चहाच्या कपावर साय धरली तरी तिने तो उचलला नाही.

"पयलो चीक मीच मागान घेय होतंय," ती म्हणाली. "घट वडी पडता म्हणान."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं, मावशी. शेठलाही नव्हतं."

मी घाईने कागद आणि पेन काढलं. "आता तुमची तक्रार. पहिल्या दिवसापासून सांगताय. बोला, कोणी कोणी हात उचलला? एकेकाला ठाण्यात आणून उभा करतो."

"नको."

"नको म्हणजे? अहो, तुम्हाला शेणात लोळवलं! तो गुन्हा वेगळा. रेडकांचा आणि त्याचा काय संबंध?"

"रवांदे, सायबा."

"मावशी, कायद्याने—"

तिने माझा हात धरला, पेनासकट. "माका मारल्यानी तर मी ओरडान तुका सांगलंय तरी. आमी रेडकांच्या तोंडचा काढून घेतलंव, ती खंय गेली ओरडत?"

मी कागद घडी करून खिशात घातला. तिला खोलीवर सोडलं, चाळीला दम दिला, कुणी चकार शब्द काढला नाही. तिच्यावर हात उचलणारे तिथेच उभे होते, मला नमस्कार करत होते. फिर्याद नाही म्हणून मी त्यांचं काही करू शकलो नाही. त्या गोष्टीचा मला आजही संताप येतो, आणि नेमका कुणाचा येतो ते अजून ठरत नाही.